मशीनला झुंबर पटेना

एका गावात एक भोळा गडी होता, आणि गावाला तो एकटा पुरून उरत होता. गावाचं नाव आंबेवाडी. तिथे आंबा औषधालाही नाही, जिकडे बघावं तिकडे डाळिंब. गड्याचं नाव झुंबर वाघमोडे.

झुंबरला त्याच्या आईनं लहानपणीच शिकवून ठेवलं होतं, "बाळा, मोठ्या माणसानं सांगितलं की तसंच करायचं. त्यात आपली अक्कल घालायची न्हाई." आई असं का म्हणाली, ते झुंबरला एकदा भेटलेल्या कुणालाही कळत असे. झुंबरनं मात्र ते मनावर घेतलं. एकदा आई म्हणाली, "मी येईस्तवर दुधावर नजर ठेव." दूध उतू गेलं, चूल विझली, उरलंसुरलं मांजरानं चाटलं. झुंबरची नजर तसूभर हलली नाही. आई आल्यावर तो म्हणाला, "सगळं बघितलं मी."

पण झुंबरच्या बोटांत एक गुण होता. डाळिंबाला टिचकी मारली की आतला दाणा कसा आहे ते त्याला कळायचं. पिकलेलं फळ खणखणीत वाजतं, कच्चं मुकं राहतं. म्हणून गावच्या पॅकहाउसमध्ये, म्हणजे डाळिंबं निवडून खोक्यांत भरतात तिथे, त्याला कामाला ठेवलं होतं. तो दिवसभर टिचक्या मारायचा. यात कुणी काही सांगण्यासारखं नसल्यामुळे बिघडण्यासारखंही काही नव्हतं.

पॅकहाउसचे मुकादम दौलततात्या गावडे. त्यांची मुलगी हौसा तिथेच खोकी भरायची. खणखणीत फळ हाताला लागलं की झुंबर ते हौसाच्या खोक्यात ठेवायचा. बाकीची फळं बाकीच्या बायांना. ही गोष्ट आधी बायांना कळली, मग हौसाला कळली, आणि बऱ्याच दिवसांनी झुंबरलाही कळली.

मग झुंबरची आई तात्यांकडे बोलणी करायला गेली. नेमकं त्याच आठवड्यात मालकानं पॅकहाउसच्या दारात हजेरीचं मशीन बसवायला घेतलं होतं. अंगठा ठेवायचा, मशीन माणसाला ओळखणार, हिरवा दिवा लागणार, हजेरी मांडली जाणार. तात्या त्या मशीनवर बेहद्द खूश होते. उठता बसता म्हणायचे, "माणूस खोटं बोलंल, मशीन बोलायचं न्हाई." उशिरा आलेल्या प्रत्येक बाईला हे वाक्य ऐकावं लागे.

तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. "ताई, ज्या दिवशी मशीन तुमच्या झुंबरला वळखंल, त्या दिवशी मी सुपारी फोडीन. ज्याला मशीन वळखत न्हाई, त्याला मी जावई म्हणून कसा वळखू?"

आईला वाटलं, हे तर सोपंच झालं. झुंबरला गावातल्या म्हशीसुद्धा ओळखतात. तिनं त्याच संध्याकाळी एक चांगली सुपारी पदराच्या गाठीला बांधून टाकली.

मशीन बसवायला तालुक्याहून रियाजभाई आले. स्कूटरवर मागे खोकं, गळ्यात वायरींची माळ. त्यांनी मशीन भिंतीला ठोकलं. त्याला एक काच होती आणि काचेखाली हिरवा उजेड. प्रत्येकानं येऊन अंगठा ठेवायचा आणि आपल्या नावाची नोंद करून घ्यायची. सगळ्यांची नोंद झाली. शेवटी झुंबर आला. सकाळपासून डाळिंबं हाताळून त्याचा अंगठा सालीच्या डागानं काळाकुट्ट झाला होता.

मशीन "पीं" म्हणालं. तांबडा दिवा लागला.

"अरे भाऊ, हे बोटाचा फोटो काढतं," रियाजभाई म्हणाले. "काचेखाली दिवा आहे, कॅमेरा आहे. अंगठ्यावर या बारीक रेघा आहेत ना, त्यांचा फोटो. प्रत्येकाच्या रेघा वेगळ्या असतात, त्यावरून माणूस ओळखतं. तुझ्या अंगठ्यावर नुसता डाग. फोटो कशाचा येणार?"

"मग काय करू?"

"फोटोला जाताना माणूस कसा जातो? उद्या तसा ये."

झुंबर दुसऱ्या दिवशी तसा आला. आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. केसांना लावून उरलेलं तेल अंगठ्याला. त्यावर पावडर, जाड. दृष्ट लागू नये म्हणून काजळाची तीट. आणि अंगठ्याच्या टोकाला लाल चिंधीचा छोटा फेटा, त्याला तुरासुद्धा काढलेला. झुंबरनं अंगठा काचेवर ठेवला आणि मशीनला म्हणाला, "नीट काढा. लग्नाचा हाय."

तांबडा दिवा.

झुंबरनं अंगठा जरा वळवला. "डाव्या अंगानं बघा जमतंय का."

तांबडा दिवा.

"बरं, घरची सगळी मंडळी घेऊ," असं म्हणून त्यानं उरलेली चार बोटंही अंगठ्याभोवती दाटीवाटीनं बसवली. करंगळीला पुढे घेतलं, ती उंचीनं कमी म्हणून.

तेवढ्यात तात्या आले. काचेवर तेल, पावडर आणि काजळ यांचा चिखल झाला होता. "आरं, आधी ती काच पूस," तात्या म्हणाले. "लख्ख झाली पायजे."

झुंबरच्या घरात वस्तू लख्ख करायची एकच रीत होती. त्यानं चुलीतली राख आणली, नारळाची शेंडी आणली आणि आई पातेलं घासते तशी काच घासली. काच इतकी लख्ख झाली की तिच्यातून पलीकडचं काही दिसेना. त्यानंतर मशीननं गावातल्या एकाही माणसाला ओळखलं नाही. तात्यांना नाही, हौसाला नाही, खास गाडी करून आलेल्या मालकालाही नाही. सगळ्यांना सारखाच तांबडा दिवा. झुंबरला जरा बरंच वाटलं. एकटा होता, आता सोबत झाली.

मालकानं दुसरं मशीन पाठवलं. ते वेगळ्या जातीचं होतं. काच नाही, उजेड नाही, फक्त नखाएवढा एक काळा चौकोन. रियाजभाईंनी नोंदी घ्यायला सुरुवात केली आणि झुंबर काखेत काहीतरी मारून हजर झाला.

मशीनला फोटो लागतो, ही गोष्ट त्यानं पक्की ध्यानात ठेवली होती. म्हणून बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाऊन तो फोटोवाल्याकडे बसला होता. फोटोवाल्यानं विचारलं, "पासपोर्ट साइज की मोठा?" झुंबर म्हणाला, "अंगठ्याएवढाच काढा, पण भिंतीला लावता यावा." फोटोवाल्यानं अंगठ्याचा फोटो काढला आणि सोनेरी चौकटीत बसवून दिला. झुंबरनं ती चौकट मशीनसमोर धरली.

"तुमाला कशाला तरास," तो मशीनला म्हणाला, "मी काढूनच आणलाय."

रियाजभाई हसता हसता खोक्यावर बसले. मग डोळे पुसून म्हणाले, "झुंबर, आधीचं मशीन एखाद वेळेस फसलं असतं याला. हे नाही फसत. हे फोटो काढतच नाही. याच्या आत बारीक वीज खेळते. अंगठ्याची रेघ जिथे टेकते तिथे विजेचं माप एक, दोन रेघांच्या मध्ये खाच असते तिथे दुसरं. त्यावरून हे अंगठ्याचा नकाशा काढतं. याला जिवंत कातडं लागतं, कागद नाही चालत."

झुंबरनं चौकट खाली ठेवली आणि जिवंत कातडं पुढे केलं. पण काच घासल्यापासून तो अंगठाही रोज राखेनंच घासत होता. त्याचं कातडं खडूसारखं कोरडं पडलं होतं.

तांबडा दिवा.

"लईच कोरडा आहे हा. कोरडं बोट याला कळत नाही. थोडी ओल पाहिजे." रियाजभाईंनी स्वतःच्या अंगठ्यावर तोंडाची वाफ सोडून दाखवली. "एवढीशी. उद्या ये."

झुंबर विचार करत घरी गेला. आत वीज आहे. बोटाला ओल पाहिजे. आणि आईनं तर लहानपणापासून सांगितलेलं, ओल्या हातानं विजेला शिवायचं नाही, शिवायचंच झालं तर रबर घालायचं. कुणाचंही मोडायचं नव्हतं. रियाजभाईंचं नाही, आईचं तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी तो गमबूट घालून आला. भिंतीशी लाकडी पाट ठेवून त्यावर उभा राहिला. हातात औषध फवारायचा रबरी मोजा चढवला. आणि मोज्यावर तांब्याभर पाणी ओतून अंगठा मशीनवर टेकवला.

तांबडा दिवा.

"ओल कमी पडली," झुंबर म्हणाला आणि आणखी एक तांब्या ओतला. मशीनच्या अंगावरून पाणी घळाघळा वाहिलं. बायांनी खोकी भरायची सोडून पदर तोंडाला लावले. झुंबर गेला आणि बागेतला फवारणीचा पंप पाठीवर घेऊन आला. नळी मशीनच्या दिशेनं धरून त्यानं चांगली दमदार ओल दिली. मशीन एकदा कण्हलं, जळका वास आला आणि त्याचे दोन्ही दिवे कायमचे मिटले.

"आवं, मोजा तरी काढायचा," हौसा म्हणाली.

"आन शॉक बसला असता म्हंजे?" झुंबर म्हणाला. "लगीन कुणाशी केलं असतं तुमी?"

यावर हौसा लाजली, त्यामुळे मूळ मुद्दा राहूनच गेला.

मालक फोनवर तात्यांशी बराच वेळ बोलले. तात्यांनी फोन कानापासून हातभर लांब धरला होता, तरी सगळ्या पॅकहाउसला ऐकू आलं. झुंबरला घालवावं असं तात्यांच्या फार मनात होतं. पण परदेशी जाणारा माल निघायचा होता आणि टिचकी मारून फळ ओळखणारा दुसरा कुणी जवळपास नव्हता.

तिसरं मशीन आलं. त्याला काचही नव्हती, चौकोनही नव्हता. काडीएवढी एक अरुंद पट्टी होती. झुंबर या खेपेला पूर्ण तयारीत होता. अंगठ्याची ओल वाळू नये म्हणून सकाळपासून तो डाळिंबांच्या शीतगृहात ओल्या गोणपाटात अंगठा गुंडाळून बसला होता. बाहेर आला तेव्हा अंगठा निळा आणि मुळ्यासारखा गार.

"अरे देवा," रियाजभाई म्हणाले. "याला ओल नको, याला ऊब पाहिजे. अंगठ्याची रेघ पट्टीला लागली की पट्टीला तिची ऊब कळते. खाचेत नुसती हवा असते, तिथे ऊब कळत नाही. या उबेवरूनच ते रेघा ओळखतं. आणि बोट ठेवून बसायचं नाही, पट्टीवरून ओढायचं. समजलं?"

"समजलं."

समजलं म्हणताच झुंबरनं भीमा हमालाला हाक मारली. भीमा दोन्ही काखांत दोन खोकी घेऊन चालणारा गडी. "भीमा, मशीनला बोट ओढावं लागतं म्हणं. धर माझा अंगठा, आन ओढ."

भीमा कामाला प्रामाणिक होता. त्यानं पाय भिंतीला लावून ओढलं. अंगठा सुजून वांग्याएवढा झाला आणि त्या दिवशीही नोंद राहूनच गेली.

रात्रभर झुंबर अंगठ्याला हळद लावून मशीनचाच विचार करत होता. थंडीचे दिवस. मशीन बिचारं उघड्या दारात भिंतीला टांगलेलं. त्याला ऊब लागते, पण देतो कोण? सकाळी तात्या पॅकहाउसवर पोचले तेव्हा मशीनच्या डोक्यावर कानटोपी होती, अंगावर गोधडी होती आणि खाली रसरसलेली शेगडी होती. झुंबर उकिडवा बसून सुपानं वारा घालत होता.

तात्यांनी गोधडी ओढून काढली. मशीन मऊ होऊन भिंतीवरून खाली ओघळलं होतं.

"हळू, तात्या," झुंबर कुजबुजला. "आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

तात्यांचा संयम तिथे संपला. त्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि सर्वांसमोर सांगितलं, "आता एकच मशीन येणार. शेवटचं. त्यानं ह्याला वळखलं तर वळखलं. न्हाईतर हौसाला वैरागचं स्थळ आलंय, पोरगा टेंपो चालवतो, त्याला मी व्हय म्हणून टाकतो."

हौसाला फार वाईट वाटलं. त्या दिवशी तिच्या प्रत्येक खोक्यात एकेक फळ कमी भरलं गेलं आणि तिच्या ते ध्यानातही आलं नाही. झुंबरलाही वाईट वाटलं. त्याला वैराग कुठे आहे हे माहीत नव्हतं, पण ते आंबेवाडीत नाही एवढं माहीत होतं.

सुटी झाल्यावर हौसानं त्याला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. "उद्या काय बी करू नका. काय बी आणू नका. रियाजभाई म्हणतील तवा अंगठा ठिवायचा. बास."

"रियाजभाई आणिक काय म्हणले तर?"

"त्यातलं जेवढं शहाणपणाचं असंल तेवढंच करा."

"ते कसं वळखायचं?"

हौसानं पदर खोचला. मग ती म्हणाली, "चार मोठ्या माणसांत आईनं कसं वागायला शिकवलंय? तसं वागा. आईच्या शिकवणीनं कुणाचं वाईट होत न्हाई."

हे बोलणं तिला नंतर आठवलं.

चौथं मशीन आलं. मोठं, चकचकीत, अंगठा ठेवायला गुळगुळीत पाटी आणि वर ठळक अक्षरात नाव दाखवणारा पडदा. शिवाय ते बोलायचं. ओळखलेल्या माणसाचं नाव मोठ्यानं पुकारायचं. त्या दिवशी झुंबरची आईही आली होती. पदराच्या गाठीतली सुपारी तिनं एकदा सोडून बघितली आणि परत बांधली.

रियाजभाई या वेळी मशीन पोटाशी धरूनच उभे राहिले. "झुंबर, तू तिथंच थांब. लांबूनच ऐक. हे फोटो काढत नाही, याला ओल नको, ऊब नको. हे आवाज सोडतं. इतका बारीक आवाज की आपल्याला ऐकू येत नाही. तो अंगठ्यावर आपटून परत येतो. रेघेवरून येतो तो वेगळा, खाचेतून येतो तो वेगळा. त्यावरून हे अंगठा ओळखतं. तू नाही का डाळिंबाला टिचकी मारतोस आणि आतलं ओळखतोस? तसंच."

झुंबरचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला एखादं मशीन आपलं वाटलं. तो पुढे झाला आणि त्यानं मशीनला एक टिचकी मारली. कान लावला. आणखी एक मारली. मग त्यानं मान हलवली.

"मुकं हाय. कच्चं तोडलंय. डाळिंब एकदा कच्चं तोडलं की पुन्यांदा पिकत न्हाई, रियाजभाई. परत पाठवा."

"आवं," हौसा मागून म्हणाली. एवढंच म्हणाली, पण झुंबर मागे सरला आणि हात पाठीशी बांधून उभा राहिला.

रियाजभाईंनी मशीन भिंतीला ठोकलं, वायर जोडली आणि एका उलट्या खोक्यावर लॅपटॉप घेऊन बसले. भिंतीकडे पाठ, पडद्यात डोकं. "पहिलं नाव झुंबरचंच घालतो," ते म्हणाले. "ही पीडा एकदा टळली की बाकीचे सोपे. त्याच्यामागं तात्यांचं. हं, घातलं नाव. ठेवा पहिला अंगठा."

झुंबर पुढे झाला. अंगठा स्वच्छ होता. कोरडा नव्हता, ओला नव्हता. सूजही उतरली होती. फेटा नव्हता, मोजा नव्हता. सगळं पॅकहाउस श्वास रोखून बघत होतं. अंगठा पाटीपासून दोन बोटं उरला.

आणि झुंबरला शेजारी उभे असलेले तात्या दिसले.

चार मोठ्या माणसांत कसं वागायचं? पंगतीत आई कायम सांगायची, मोठ्यांनी हात घातल्याबिगर आपण ताटात हात घालायचा न्हाई. झुंबरनं हात मागे घेतला. मान खाली घातली. "तात्या," तो म्हणाला, "तुमी आधी. मोठ्यांच्या आधी हात घालू न्हाई."

तात्यांना भरून आलं. त्यांनी सगळ्यांकडे बघितलं. "बघा. कसं वळण हाय पोराला. उगंच बोललो मी त्याला." त्यांनी टोपी सारखी केली आणि अंगठा ठेवला.

मशीन गोड वाजलं. हिरवा दिवा.

"दुसरा," रियाजभाई मान वर न करता म्हणाले.

झुंबरनं अंगठा ठेवला. मशीन गोड वाजलं. हिरवा दिवा. झुंबरच्या जन्मातला पहिला हिरवा दिवा. हौसाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आईनं पदराची गाठ सोडली. भीमा हमालानं आनंदानं एक भरलेलं खोकं उचललं आणि कारण नसताना दुसरीकडे नेऊन ठेवलं.

सगळ्यांच्या नोंदी झाल्यावर रियाजभाई उठले. "चला, आता हजेरी लावून बघू. तात्या, पहिला मान तुमचा."

तात्यांनी अंगठा टेकवला. मशीननं मंजूळ बायकी आवाजात पुकारलं, "झुंबर वाघमोडे. हजर."

तात्यांनी अंगठा धोतराला पुसला आणि पुन्हा टेकवला.

"झुंबर वाघमोडे. हजर."

मग झुंबर पुढे झाला आणि त्यानं अंगठा टेकवला.

"दौलत गावडे. मुकादम. हजर."

रियाजभाईंनी कपाळावर हात मारला. "थांबा, थांबा. अदलाबदल झाली. आत्ता पुसून टाकतो."

"असं कसं पुसता, रियाजभाई?" भीमा हमाल म्हणाला. "तात्या, तुमीच म्हणता न्हवं? माणूस खोटं बोलंल, मशीन बोलायचं न्हाई."

"व्हय, व्हय. असंच म्हणतात," सगळ्या बाया एका सुरात म्हणाल्या. हे वाक्य प्रत्येकीनं निदान एकदा तरी ऐकून घेतलेलं होतं.

झुंबरच्या मनात तर शंकाच नव्हती. मशीननं सांगितलं, आणि मशीन खोटं बोलत नाही हे खुद्द तात्यांनी सांगितलं. मोठ्यांनी सांगितलं की तसंच करायचं. तो सरळ गेला आणि तात्यांच्या खुर्चीत बसला. पायावर पाय टाकला. तात्यांचं पेन कानावर खोवलं. तात्या खाकरतात तसा खाकरला आणि समोर उभ्या असलेल्या तात्यांना म्हणाला, "झुंबर, हुबा काय ऱ्हायलास? फळं कोण वाजवणार?"

अख्ख्या पॅकहाउसमध्ये हुशार एकटी हौसा होती. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि ती खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. "तात्या," ती झुंबरला म्हणाली.

"काय गं पोरी?" झुंबर म्हणाला.

"मशीननं झुंबरला वळखलं न्हवं?"

"वळखलं."

"सगळ्यांच्या देखत?"

"सगळ्यांच्या देखत वळखलं. मी हुतो की हितं."

"मग तुमी शबूद दिला हुता, तात्या. सुपारी फोडा."

आता खरी मजा तात्यांची झाली. नाही म्हणायला ते पुढे झाले आणि थबकले. नाही म्हणायचं ते कोण म्हणून? या घडीला ते झुंबर होते, आणि झुंबर तर हो म्हणाला असता. रियाजभाईंनी लॅपटॉप मिटला आणि त्यावर कोपर टेकवलं. "मी काही पुसत नाही. आधी सुपारी." आईनं पुढे होऊन सुपारी झुंबरच्या, म्हणजे आपल्याच लेकाच्या, हातावर ठेवली. बायांनी टाळ्यांसाठी हात उचलून धरले. फक्त एक शब्द म्हणायचा होता. व्हय. वैराग नाही, टेंपो नाही, काही नाही. फक्त व्हय.

झुंबरनं सवयीनं सुपारीला टिचकी मारली. खणखणीत वाजली. मग तो विचारात पडला. आजवर त्यानं आपली अक्कल कशात घातली नव्हती, पण ती बंदी झुंबरला होती. मुकादमानं घालायला हरकत नव्हती. शिवाय आता तो पोरीचा बाप होता. पोर द्यायची म्हणजे चार बाजूंनी बघावं लागतं. त्यानं समोर उभ्या असलेल्या तात्यांना टोपीपासून वहाणांपर्यंत नीट न्याहाळलं. बराच वेळ न्याहाळलं.

मग त्यानं सुपारी आईच्या हातावर परत ठेवली.

"न्हाई, पोरी," झुंबर म्हणाला. त्यानं कानावरचं पेन सारखं केलं. "शबूद शबदाच्या जागी. पर ज्या येड्यानं एक मशीन राखेनं घासलं, एकाला आंघूळ घातली आन एकाला शेगडीवर भाजलं, त्याच्या पदरात मी माझी सोन्यासारखी लेक टाकू व्हय? त्यापरीस वैरागचा पोरगा बरा." आणि तो आपल्या आईकडे वळून हात जोडून म्हणाला, "ताई, राग मानू नका. पोरगं तुमचं लई गुणाचं हाय. पर जरा भोळं हाय."

हौसा मटकन खोक्यावर बसली. आईनं डोक्याला हात लावला. तात्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ते हसण्याचं होतं की कशाचं, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

झुंबरला त्यांची दया आली. तो खुर्चीतून उठला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "रडू नगंस, झुंबर. दुसरी मिळंल. जा, तवर त्ये मशीन पुसून घे. राखेनं."